बंद टॅबचा पंचनामा

दसरा झाला की घराघरांत माळे उतरवले जातात आणि जुन्या अल्बमांखालून हमखास एक टॅब बाहेर येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणी तो मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला असतो, कुणी आजीला परदेशातल्या नातवंडांचा चेहरा जरा मोठा दिसावा म्हणून. त्यात फोटो असतात, कुणाचे तरी आवाज असतात, एखादा कधीच कुठे न उतरवलेला पासवर्ड असतो. टॅब पुसून चार्जरला लावला जातो. दहा मिनिटं होतात, पंधरा होतात. काच काळी ती काळीच. मग घरातलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं: ‘बॅटरी गेली.’

हा निकाल कधी कधी बरोबर असतो, पण जवळजवळ नेहमीच घाईचा असतो. भिंतीतली वीज सेलपर्यंत पोचेपर्यंत वाटेत पुष्कळ जण बसलेले आहेत. आधी अडॅप्टर, मग केबल, मग टॅबचा जॅक, जॅकपासून बोर्डापर्यंत जाणारी पातळ पट्टी, बोर्डावरची चार्जिंग आयसी, बॅटरीचं कनेक्टर, बॅटरीच्या डोक्यावर चिकटवलेला संरक्षणाचा छोटा बोर्ड, आणि सगळ्यात शेवटी सेल. आरोप मात्र थेट शेवटच्यावर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली असो किंवा तालुक्याच्या स्टँडसमोरची टपरी, जाणता कारागीर उलट चालत नाही. तो भिंतीपासून आत येतो, कारण बाहेरच्या वस्तू स्वस्त असतात आणि त्या तपासायला काही उघडावं लागत नाही.

टॅब या प्रकाराची चार्जिंगची कटकट त्याच्या जन्मापासूनची आहे. ॲपलचा पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. त्याच्या पोटात सुमारे २५ वॉट-अवरची बॅटरी होती, म्हणजे त्या काळच्या फोनच्या चार-पाच पट. सोबत १० वॉटचा अडॅप्टर होता. पण लोकांना सवय होती आयपॉडची, आणि आयपॉड कॉम्प्युटरला जोडला की चार्ज व्हायचा. आयपॅड जोडला तर कोपऱ्यात अक्षरं उमटत: ‘नॉट चार्जिंग’. अनेकांना वाटलं, नवाकोरा माल बिघडलेला निघाला. बिघाड काहीच नव्हता. साध्या यूएसबी पोर्टातून मिळतात ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. स्क्रीन चालू असताना एवढी वीज आयपॅड स्वतःच खाऊन टाकायचा. स्क्रीन बंद ठेवली तर तीच केबल हळूहळू बॅटरी भरायची, फक्त त्याला निदान दहा तास लागायचे. आजही जुना टॅब लॅपटॉपला जोडून ‘होत नाही, होत नाही’ म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुधा हेच असतं.

दुसरी गंमत अशी की टॅब अडॅप्टरला आधी ओळख विचारतो. यूएसबी केबलमध्ये विजेच्या दोन तारांशिवाय डेटाच्या दोन तारा असतात. २०१० च्या बॅटरी चार्जिंग प्रमाणकानुसार अडॅप्टरने या दोन तारा आतल्या आत एकमेकींना जोडायच्या. टॅबला ते कळलं की तो समजतो, समोर कॉम्प्युटर नाही, भिंत आहे, मनसोक्त ओढा. ॲपलने मात्र आपली वेगळीच खूण ठरवली होती. १० वॉटच्या अडॅप्टरमध्ये एका डेटा तारेवर २.० आणि दुसरीवर २.७ व्होल्ट ठेवलेले असत. सॅमसंगच्या सुरुवातीच्या टॅबची खूण तिसरीच, आणि त्यांचं रुंद कनेक्टर दिसायला ॲपलसारखं असूनही त्यात बसायचं नाही. म्हणून ‘२ अँपिअर’ असं ठळक छापलेला परका अडॅप्टर लावूनही जुना टॅब अर्ध्या अँपिअरवर रखडतो. अडॅप्टर खोटा नसतो, टॅबही खराब नसतो. दोघांची ओळख पटलेली नसते, एवढंच.

केबलबद्दल तर लोकांची अगदी अंधश्रद्धा आहे: फोन चार्ज होतोय ना, मग केबल चांगली. हिशोब करून बघावा. स्वस्त केबलमधली विजेची तार बऱ्याचदा २८ गेजची असते. अशा तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध ०.२१ ओहम. वीज जाते आणि परतही येते, म्हणजे ०.४३ धरा. त्यातून २ अँपिअर ओढले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खलास, आणि ५ व्होल्टचे जेमतेम ४.१५ टॅबला पोचतात. पूर्ण भरलेल्या लिथियम सेलचा दाबच ४.२ असतो. एवढ्या अंतराने सेल काय भरणार? चार्जिंग आयसी शहाणी असेल तर ती आपली मागणी कमी करते आणि टॅब रात्रभर लावूनही तीस-चाळीस टक्क्यांवर अडकतो. २४ गेजच्या जाड तारेत हीच घट ०.३४ व्होल्टवर येते. फोन कमी विजेवर भागवतो म्हणून त्याच केबलवर त्याचं चालून जातं.

मायक्रो यूएसबीची आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तिच्या रचनेत पकड धरणारे छोटे स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकाला दिले आहेत, झीज टॅबच्या जॅकची न होता केबलची व्हावी म्हणून. जॅक १०,००० वेळा लावण्या-काढण्याच्या हिशोबाने बनतो. त्यामुळे पिन ढिली लागायला लागली की आधी नवी केबल लावून बघायची, जॅक बदलायची भाषा नंतर. आणि त्याआधी जॅकमध्ये टॉर्चचा उजेड टाकून डोकावायचं. खिशातली, दप्तरातली, सोफ्यातली लव आत दाबली जाऊन तिची घट्ट गादी तयार झालेली असते. लाकडी टूथपिकने ती हलक्या हाताने काढली की अर्धी दुकानदारी तिथेच संपते. सुई मात्र घालू नये. कोकणात पावसाळा काढलेल्या टॅबच्या जॅकमध्ये हिरवट कीट दिसतो, विशेषतः पाच व्होल्टच्या पिनेवर, कारण ओल आणि वीज एकत्र आली की गंज तिथेच आधी धरतो. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश हेच औषध. घासलेट नको, अत्तर तर नकोच.

इथवर सगळं ठीक असेल तर टेबलावर येतो यूएसबी मीटर. अंगठ्याएवढं हे यंत्र अडॅप्टर आणि केबलच्या मधे बसतं, वर दोन आकडे दाखवतं: व्होल्ट आणि अँपिअर. दुरुस्तीच्या धंद्यात या स्वस्त वस्तूइतकं बोलकं दुसरं काही नाही. ५.०५ व्होल्ट आणि ०.०० अँपिअर दिसलं तर वीज आत शिरतच नाहीये: जॅक, पट्टी किंवा बोर्ड. आकडा ०.४५ च्या आसपास स्थिरावला तर टॅब समोरच्या अडॅप्टरला कॉम्प्युटर समजतोय. व्होल्ट ४.४ ला घसरले तर केबल फेकायची. १.५ च्या पुढे अँपिअर दिसत असताना काच काळी असेल तर टॅब चार्ज होतोय, बिघाड स्क्रीनचा आहे, आणि गिऱ्हाईक उगाच बॅटरीला शिव्या घालत बसलंय! आकडा वर चढतो, अर्ध्या मिनिटात धप्पकन खाली येतो, पुन्हा चढतो, असं चाललं असेल तर टॅब थोडीशी वीज मिळताच आपोआप सुरू होतोय, सुरू होण्यातच ती खर्च करतोय आणि पुन्हा झोपतोय. स्वस्त टॅबमध्ये हे दुष्टचक्र तासन्‌तास फिरत राहतं.

आणि एक आकडा असतो ०.०५ ते ०.१०. हा सर्वांत फसवा. स्क्रीनवर काही नाही, टॅब गरम होत नाही, मीटरवर नाममात्र हालचाल. इथे नव्वद टक्के लोक हात टेकतात आणि इथेच थांबायला हवं असतं.

काउंटरवरचा अनुभवी माणूस म्हणूनच टॅब हातात घ्यायच्या आधी विचारतो, ‘किती दिवस बंद होता?’ गिऱ्हाईक म्हणतं, ‘अहो, चांगला चालत होता, मागच्या वर्षीच तर ठेवून दिला.’ उत्तर तिथेच मिळालेलं असतं. लिथियम-आयन सेल नुसता पडून राहिला तरी थोडाथोडा रिकामा होतो, आणि टॅब बंद असला तरी त्यातलं घड्याळ आणि संरक्षणाचा बोर्ड चोरपावलांनी वीज पीत असतात. सेलचा दाब सुमारे ३ व्होल्टच्या खाली गेला की चार्जिंग आयसी त्याला नेहमीचा प्रवाह देत नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम पुरणपोळी वाढत नाहीत, आधी पातळ पेज देतात, तसा ती अगदी लहान प्रवाह सोडते. दाब ३ च्या वर आला की मगच पूर्ण प्रवाह. तोवर स्क्रीनवर बॅटरीचं चित्रही उमटत नाही, कारण ते चित्र काढण्याइतकी वीजच शिल्लक नसते. शिवाय अनेक आयसींमध्ये या टप्प्याला घड्याळ लावलेलं असतं, सहसा अर्ध्या तासाचं. तेवढ्यात सेल वर आला नाही तर ती दोष समजून चार्जिंग थांबवते. केबल काढून पुन्हा लावली की नवा अर्धा तास सुरू. ‘तीन-चार वेळा काढघाल केली आणि एकदम चालू झाला’ हा घरोघरचा चमत्कार या घड्याळाचा आहे.

याहूनही खाली गेलेल्या सेलची कथा निराळी. स्वस्त टॅबच्या बॅटऱ्यांवर डीडब्ल्यू-०१ नावाची एक चिमुकली आयसी सर्रास सापडते. दाब २.४ व्होल्टच्या आसपास उतरला की ती सेलची वाट तोडून टाकते. बाहेरून मल्टीमीटर लावला तर शून्य. बॅटरी मेलेली दिसते, आत सेल जिवंत असू शकतो. कारागीर तेव्हा डीसी सप्लाय मशीन लावतात, ४.२ व्होल्टवर मर्यादा आणि प्रवाह ०.१-०.२ अँपिअर, आणि सेलला थेट टोकांवरून ३ व्होल्टपर्यंत उचलतात. धंद्यातल्या भाषेत बॅटरी बूस्ट करणं. हे चालू असताना बोट सेलवर ठेवलेलं असतं. कोमट लागला की वीज बंद, बॅटरी बाद. त्यामागे रसायन आहे. दाब फार खाली राहिला तर सेलच्या ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट करतं. म्हणून वर्षानुवर्षं शून्यावर पडलेली बॅटरी उठली तरी तिच्यावर विश्वास टाकू नये. घरी नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणि दोन वायरी घेऊन ‘शॉट’ देण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यात प्रवाहावर कसलीच मर्यादा नसते. तो उद्योग मुळीच करू नये.

गूगलचा नेक्सस ७ हा या सगळ्या प्रकरणाचा उत्तम साक्षीदार आहे. २७ जून २०१२ ला जाहीर झालेला, असुसने बनवलेला, १९९ डॉलरचा हा सात इंची टॅब भारतातही बऱ्यापैकी खपला. ४,३२५ एमएएचची बॅटरी, २ अँपिअरचा अडॅप्टर. काही महिने खणात राहिला की तो गपगार पडायचा आणि साध्या चार्जिंगला दाद द्यायचा नाही. पहिला उपाय: मूळ अडॅप्टर लावून काही तास विसरून जायचं, मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं. त्याने भागलं नाही तर उघडायचा. स्क्रू नाहीत. काठाच्या फटीत नख किंवा प्लास्टिकची पात सरकवली की मागचं झाकण टक्‌टक्‌ करत सुटतं. समोरच बॅटरी, तिच्या वायरी आणि त्यांच्या टोकाचं इवलंसं कनेक्टर. ते प्लास्टिकच्या पातीने उचलायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा नीट दाबून बसवायचं. कित्येक नेक्सस एवढ्यावर उठून बसले. कधी कनेक्टरच हलून ढिलं झालेलं असे. कधी बॅटरीपासून पूर्ण तुटल्यामुळे अडकलेली चार्जिंग आयसी नव्याने जागी होई. खर्च शून्य. हे जमलं, कारण तो टॅब उघडता येत होता. दुरुस्तीच्या अंगाने उपकरणं तपासणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकन संस्थेने त्याला दहापैकी ७ गुण दिले होते. त्याच वर्षीच्या तिसऱ्या आयपॅडला २.

ॲपलचं धोरण पहिल्यापासून उघड होतं. २०१० मध्ये कंपनीने जाहीर केलं की आयपॅडची बॅटरी कमजोर झाली तर ९९ डॉलर आणि टपालखर्च भरा. पण बॅटरी बदलून मिळणार नव्हती, अख्खा दुसराच आयपॅड मिळणार होता. आपले फोटो, आपल्या नोंदी आधी काढून ठेवायच्या, नाहीतर त्यांना रामराम. यंत्र उघडून त्यात तासभर घालवण्यापेक्षा ते यंत्रच बदलणं कंपनीला परवडत होतं. लॅमिंग्टन रोडच्या माणसाचं गणित नेमकं उलटं: त्याला वेळ परवडतो, यंत्र परवडत नाही. म्हणून पुढच्या आयपॅडांची डिंकाने चिकटवलेली काच तापवून, पत्त्यासारखी पात फिरवून, तो ती उघडतोच. दहातली एखादी तडकते, आणि ‘तडकली तर जबाबदारी आमची नाही’ हे तो आधीच सांगून ठेवतो.

स्वस्त टॅबांचं जग वेगळंच. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ टॅब जगासमोर आणला. सात इंची पडदा, २,१०० एमएएचची बॅटरी, आणि जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून गाजावाजा. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. त्या टप्प्याची धुरा मुंबईच्या आयआयटीकडे, प्राध्यापक दीपक फाटक यांच्याकडे होती. त्यानंतर बाजारात सात इंची टॅबांचा पूर आला, नावं रोज नवी. यातल्या अनेकांना चार्जिंगसाठी यूएसबीपासून वेगळी, बारीक गोल पिन होती. यूएसबीची केबल फक्त डेटासाठी; ती लावून रात्रभर वाट बघणाऱ्याला सकाळी काहीच मिळायचं नाही. त्यात मूळ अडॅप्टर हरवलेला. गोल पिनेचा घोळ असा की एकाच मापाची पिन कुठे ५ व्होल्टला असते, कुठे ९ ला. ड्रॉवरमधला ‘बसतोय की’ म्हणून लावलेला अडॅप्टर क्षणात चार्जिंग आयसी उडवतो, आणि मग टॅब खरंच बाद होतो.

या टॅबांना सुटे भाग देणारी कंपनी राहिलेली नाही, तरीही त्यांची बॅटरी मिळते. कारागीर टॅबचं नाव विचारतच नाही, तो बॅटरीवरचा नंबर वाचतो. ३५७०९० म्हणजे जाडी ३.५ मिलिमीटर, रुंदी ७०, लांबी ९०. नंबर पुसला गेला असेल तर पट्टी लावून मोजतो. मापात बसणारा सेल निवडायचा, जुन्या वायरी नव्या सेलच्या बोर्डावर झाळायच्या. लाल, काळी आणि बऱ्याचदा एक तिसरी, पिवळी किंवा पांढरी. ही तिसरी वायर तापमानाची असते, आणि नवख्यांची फजिती तीच करते. ती तुटली किंवा नव्या बॅटरीत नसलीच तर चार्जिंग आयसीला सेलचं तापमान कळत नाही आणि ती चार्ज करायला साफ नकार देते. बॅटरी नवी, केबल नवी, तरी चार्जिंग नाही.

हीच तापमानाची वायर विदर्भातल्या उन्हाळ्यात वेगळा खेळ करते. लिथियम सेल सहसा ० ते ४५ अंशांच्या मधेच चार्ज होऊ दिला जातो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. दुपारी चार्ज न होणारा टॅब रात्री मुकाट चार्ज होतो. यात बिघाड काहीच नाही.

सरकारी योजनांतून महाराष्ट्रात टॅब पुष्कळ वाटले गेले. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना दिले, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना दिले. वाटपाचा फोटो निघतो तेव्हा प्रत्येकाच्या हातात खोका असतो. तिसऱ्या वर्षी जॅक ढिला झाल्यावर तो कुठे न्यायचा, हे त्या खोक्यावर छापलेलं असावं अशी अपेक्षा अवाजवी नाही. शंभर टॅबांमागे पाच बॅटऱ्या आणि दहा जॅक करारातच लिहून घेतले तर मुलांचे कितीतरी टॅब वाचतील.

बॅटरी खरोखर मरते तेव्हा ती लपून राहत नाही. काच एका बाजूने उचललेली दिसते, मागचं झाकण फुगतं, सपाट टेबलावर टॅब भिंगरीसारखा फिरतो. आतल्या द्रावणाचं विघटन होऊन वायू झालेला असतो. दुकानाच्या गल्ल्यावर, हॉटेलच्या काउंटरवर, वर्षभर चार्जरलाच टांगलेल्या टॅबांचं हे नेहमीचं मरण, कारण सेलला कायम ४.२ व्होल्टवर ताणून ठेवणं त्याला सोसत नाही. बॅटऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या बॅटरी युनिव्हर्सिटीच्या कोष्टकानुसार, २५ अंशांना पूर्ण भरून वर्षभर ठेवलेल्या सेलची क्षमता ८० टक्क्यांवर येते, ४० टक्के भरून ठेवलेल्याची ९६ वर राहते. ४० अंशांना पूर्ण भरून ठेवला तर ६५. आता काही कंपन्या ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय देतात ती यासाठीच. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबून सपाट करू नये, पुन्हा चार्ज करू नये, आणि घंटागाडीत तर टाकूच नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर ती द्यावी.

युरोपने या बाबतीत दंड थोपटले आहेत. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन-टॅबांची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमतेची राहिली पाहिजे आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावर ७ वर्षं मिळाले पाहिजेत. १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असाही नियम आहे, काही अपवाद सोडून. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळ सुरू केलं. मे २०२५ मध्ये याच खात्याने नेमलेल्या भरत खेरा समितीने दुरुस्ती निर्देशांकाचा आराखडा सादर केला. वस्तू उघडायला किती पायऱ्या, सुटे भाग किती दिवसांत, स्क्रू कसले, अवजारं कोणती, सॉफ्टवेअर किती वर्षं, या निकषांवर कंपनीने स्वतःच गुण जाहीर करायचे आणि ते दुकानात, ऑनलाइन विक्रीत आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून गिऱ्हाइकाला दिसायचे. पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅब. गुण कंपनीच स्वतःला देणार, ही त्यातली कच्ची बाजू आहे. ते तपासून बघायला तपकीर गल्लीतल्या एखाद्या कारागिराला समितीवर घेतलं, तर तो पहिल्याच टॅबचं झाकण उघडून सांगेल की आत किती डिंक ओतला आहे.